शून्य दाबा आणि चापटी मारा

मी एक जुना टेबलफॅन आहे आणि मित्रांनो, मी फार दमलो आहे. आपली गोष्ट सांगताना सुरुवातीला थोडी ऐट दाखवायची असते, हे मला ठाऊक आहे. पण माझ्यात आता ऐट उरलेली नाही. माझ्या तीन पात्यांपैकी एकाची कड दुमडली आहे. मान वळवली की ‘कट्ट’ असा आवाज होतो. जाळीत इतकी धूळ साठली आहे की समोर उभा राहणारा आधी शिंकतो आणि मग वारा घेतो. तेव्हा जे सांगायचे ते सरळच सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे एका मोठ्या कागदावर आमचा नकाशा काढलेला होता. पाती किती, बटणे किती, मान किती वळायची, सगळे त्यात होते. त्या एका नकाशावरून आम्ही हजारो भाऊ तयार झालो. पट्ट्यावरून पुढे सरकताना आम्हाला एकमेकांपासून वेगळे ओळखणे आमच्या आईलाही जमले नसते, पण आई होती कुठे? तपासणीच्या बाईंनी माझे एक नंबरचे बटण दाबले, मी हळू फिरलो. दोन दाबले, जरा जोर केला. तीन दाबले, तर त्यांच्या डोक्याचा रुमाल उडाला. शून्य दाबल्यावर मी गुपचूप थांबलो. त्यांनी मला ‘उत्तम’ असा शिक्का मारून खोक्यात घातले. हा बटणांचा क्रम ध्यानात ठेवा. पुढे त्याच्यावरूनच सगळे महाभारत झाले.

खोके उघडले ते एका कॉलेजात, कॉम्प्युटरच्या खोलीत. त्या खोलीला सगळे लॅब म्हणत. तेव्हा तिथे पेटाऱ्याएवढे कॉम्प्युटर होते आणि ते चालू झाले की खोली भट्टीसारखी तापायची. भिंतीत थंड हवेचे यंत्र होते, पण ते थंड करण्यापेक्षा गुरगुरण्याचेच काम जास्त करी. म्हणून मला आणले. खिडकीजवळच्या लोखंडी टेबलावर मला ठेवले आणि मी मान डोलवत पोरांना वारा घालू लागलो. ज्याच्यापर्यंत वारा पोचत नसे तो माझ्या नावाने बोटे मोडायचा. सगळ्यांना पुरे पडणे मला कधीच जमले नाही.

त्या लॅबमध्ये एक मॅडम होत्या. तेव्हा त्या नव्या होत्या आणि नव्या माणसाच्या गळ्यात जे पडते तेच त्यांच्या गळ्यात पडले होते. ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग’ नावाचा विषय जुने शिक्षक हातात घ्यायला तयार नव्हते. पुस्तकात मोटारीचे उदाहरण होते. मोटार म्हणजे क्लास आणि दारातली लाल मोटार म्हणजे ऑब्जेक्ट. पोरांनी ते घडाघडा पाठ केले, पण डोक्यात कुणाच्याच उजेड पडला नाही. एका दुपारी मॅडमनी खडू टेबलावर टाकला आणि त्या तरातरा माझ्याजवळ आल्या. मला वाटले, मला आपटतात की काय.

“मोटार राहू द्या. हा काय आहे?” त्यांनी विचारले.

“पंखा!” पोरे म्हणाली.

“कारखान्यात याचा नकाशा असतो. त्या नकाशाचा वारा लागतो का कुणाला?”

“नाही.”

“आणि याचा?”

“लागतो!”

“झालं तर मग. नकाशा म्हणजे क्लास, आणि त्यावरून बनवलेला हा आपला पंखा म्हणजे ऑब्जेक्ट. आता मला सांगा, याच्या पाठीवर झाकण का आहे?”

“आत हात घातला तर झटका बसेल, मॅडम.”

“बरोबर. आत काय चाललंय ते तुम्हाला माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. तुम्ही बटण दाबायचं. आतलं आत, बाहेरचं बाहेर. पुस्तकात यालाच एन्कॅप्सुलेशन म्हटलंय. नाव अवघड आहे, गोष्ट अवघड नाही.”

मग त्यांनी छताकडे बोट दाखवले. छताचा पंखा माझा चुलत भाऊ निघाला आणि भिंतीतून धूर बाहेर फेकणारा पंखा मावसभाऊ. आम्हा सगळ्यांचा आजोबा एकच, त्याचे नाव नुसते ‘पंखा’. आजोबांचे गुण नातवंडांत उतरतात, ते इनहेरिटन्स. आम्हा सगळ्यांना ‘फिर’ म्हटले की जो तो आपापल्या परीने फिरतो, ते पॉलिमॉर्फिझम. पोरे हसत होती आणि हसता हसता लिहून घेत होती. पहिल्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी होती. ती लिहीत नव्हती. ती नुसती माझ्याकडे टक लावून पाहत होती. त्या दिवशी मला फार बरे वाटले, हे मी लपवत नाही.

त्या मुलीचे लग्न कॉलेज संपण्याआधीच ठरले. शेवटचा एक पेपर राहून गेला तो राहूनच गेला. मॅडम काही दिवस तिची चौकशी करत होत्या, मग नवी पोरे आली आणि चौकशीही थांबली.

अशी वर्षे गेली. दर वर्षी परीक्षा जवळ आली की मॅडम उजळणी घेत आणि उजळणीला माझ्यावाचून त्यांचे पान हलत नसे. मी तेव्हा लॅबचा राजा होतो. मग एका उन्हाळ्यात माझ्या पोटातून जळका वास आला आणि मी बंद पडलो. कॉलेजच्या वायरमनकाकांना बोलावले. माणूस कामाचा, पण घाईतला. त्या दिवशी त्यांना तीन खोल्यांमधून हाका चालल्या होत्या. त्यांनी माझे झाकण उघडले, जळलेल्या तारा बदलल्या, झाकण लावले आणि ते पळाले. मी चालू झालो खरा, पण त्यांनी दोन तारांची अदलाबदल केली होती. आता एक नंबर दाबले की मी सुसाट सुटायचो आणि तीन दाबले की रेंगाळायचो. शून्याचे बटणही अडकू लागले. ते दाबायचे आणि वर माझ्या डोक्यावर हळूच एक चापटी मारायची, तेव्हा कुठे मी थांबायचो.

दुसरी एखादी बाई असती तर तिने काकांना परत बोलावले असते. मॅडमनी मात्र टाळी वाजवली.

“बघा रे! बटणं तीच, आतलं बदललं. कळलं का तुम्हाला बाहेरून? नाही कळलं. म्हणजे झाकणाने आपलं काम चोख केलं!”

उदाहरण आणखी सुरेख झाले म्हणून मला कुणी दुरुस्तच केले नाही. मित्रांनो, एखाद्याच्या दुखण्याचेच कौतुक होऊ लागले की ते दुखणे बरे होण्याची आशा सोडावी. पुढच्या पोरांना मी असाच माहीत होतो. एक म्हणजे जोरात, तीन म्हणजे हळू, शून्य दाबा आणि चापटी मारा. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाने माझ्या डोक्यावर चापट्या मारल्या. मारून मारून तिथला हिरवा रंग उडाला आणि तळहाताएवढा पत्रा उघडा पडला. जसे एखाद्या म्हाताऱ्याला टक्कल पडावे तसे मला टक्कल पडले.

कौतुक मात्र हळूहळू ओसरले. कॉम्प्युटर चपटे झाले, पोरांचे लक्ष हातातल्या फोनकडे गेले. मला पुसायला कुणी येईना. मॅडमचेही केस पिकले. तोच धडा, तेच विनोद, त्याच जागी हसणारी नवी तोंडे. कधी कधी बोलता बोलता त्या माझ्यासमोर थांबत आणि घोटभर पाणी पीत. त्यांचा घसा आणि माझी मान, दोन्ही एकाच सुमाराला कुरकुरू लागली होती.

मग एके दिवशी ती दोन वेण्यांची मुलगी परत आली. वेण्या गेल्या होत्या, कानाजवळ एक बट पांढरी झाली होती आणि गळ्यात रुग्णालयाचे ओळखपत्र लटकत होते. ती तिथे नोंदणीच्या खिडकीत बसून आजाऱ्यांची नावे कॉम्प्युटरमध्ये भरत असे. नोकरी कच्ची होती. डिप्लोमा पुरा झाला तर पक्की होणार होती. परीक्षा मंडळाने अर्धवट राहिलेल्यांना एकदाच खास संधी दिली होती, कारण पुढच्या वर्षी तो अभ्यासक्रमच बंद होणार होता. तिचा एकच विषय राहिला होता, हाच. म्हणजे ही गाडी चुकली की पुढची गाडी नव्हतीच.

वर्गातली पोरे तिला मावशी म्हणू लागली. मीही तेच म्हणतो.

मावशी कामावरून सुटून धापा टाकत यायची आणि पहिल्या बाकावर बसायची. शिकवलेले तिला त्या वेळी समजायचे आणि दुसऱ्या दिवशी कोरी पाटी. पण ती उठून गेली नाही. परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या उजळणीला मॅडमचा घसा पार बसला होता. त्या एकेका शब्दाने आणि खुणांनीच शिकवत होत्या. माझ्याकडे बोट दाखवायच्या आणि पोरे उत्तर द्यायची.

“क्लास?”

“नकाशा!”

“ऑब्जेक्ट?”

“हा म्हातारा!”

“याच्या मेथड, म्हणजे याची कामं?”

“एक नंबर, जोरात! तीन नंबर, हळू! शून्य, आणि चापटी!” सगळी लॅब एका सुरात ओरडली. मावशीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मलाही हसू आले, पण मान कट्ट झाली म्हणून आवरले.

वर्ग सुटल्यावर मावशी मागे थांबली.

“मॅडम, माझ्या डोक्यात काही म्हणजे काही राहत नाही हो. घरी गेलं की पोळ्या, भांडी, लेकीचा अभ्यास. सासूबाई म्हणतात, लेकीच्या वह्यांना कव्हर घालायच्या वयात स्वतःच्या वह्या कसल्या उघडतेस! त्यांचंही काय चुकलं? थकलेय मी. तुमचा हा पंखा तेवढा डोक्यात पक्का बसलाय.”

“मग पंखाच लिही,” मॅडम घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “बाकीचं आपोआप आठवेल.”

आणि पोरांनी, मावशीने, अख्ख्या वर्गाने तेच केले.

परीक्षा झाली, लॅबला कुलूप लागले. मी खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उन्हात पडून राहिलो. खरे सांगतो, मला ती सुट्टी आवडली. निकालाच्या सुमारास कुलूप उघडले आणि मॅडम एकट्याच आत आल्या. त्यांनी मला चालू केले नाही. माझ्यासमोर खुर्ची ओढून नुसत्या बसल्या. थोड्या वेळाने मावशी आली. तिच्या तोंडचे पाणी पळाले होते.

“मॅडम, माझा निकाल राखून ठेवलाय म्हणे. म्हणजे काय?”

“तुझा एकटीचा नाही. सगळ्या वर्गाचा. पेपर तपासणाऱ्यांनी लेखी दिलंय की आपल्या कॉलेजात कॉपी झाली.”

“कॉपी? कुणी केली?”

“सगळ्यांनी. रोजच्या वापरातली एक वस्तू घेऊन ऑब्जेक्ट समजावून सांगा, असा प्रश्न होता ना? तुम्ही झाडून सगळ्यांनी पंखा लिहिलात. तेही एक वेळ चाललं असतं. पण सगळ्यांनी एकच चूक लिहिली. एक नंबरला पंखा सर्वांत जोरात फिरतो आणि तीन नंबरला सर्वांत हळू.” मॅडमनी कपाळाला हात लावला. “आणि बंद करण्यासाठी शून्य दाबून डोक्यावर चापटी मारावी.”

मावशी खाली बसली. हसावे की रडावे ते तिला कळेना. मग तिने रडायचे ठरवले.

“मी तर त्याची आकृती काढलीय, मॅडम. चापटी मारणारा हात सुद्धा काढलाय.”

मंडळाचा माणूस चौकशीला येणार होता. कॉपी ठरली तर सगळ्यांचा तो पेपर रद्द. पोरांना पुढच्या वर्षी नवा अभ्यासक्रम घेऊन बसता आले असते. मावशीला मात्र ती सोय नव्हती. तिची खिडकी, तिची पक्की नोकरी, इतक्या वर्षांनी उघडलेली वही, सगळे माझ्या तीन बटणांवर येऊन थांबले होते.

“रडू नकोस,” मॅडम म्हणाल्या. “येऊ देत त्यांना. पंखा इथेच आहे. बटण दाबून दाखवलं की संपलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

त्या क्षणी मला माझ्या दुखण्याचा पहिल्यांदा अभिमान वाटला. एकदा, फक्त एकदा, नीट वाकडे चालायचे होते मला.

पण ऐका पुढे. बाहेरचा माणूस येणार म्हटल्यावर प्राचार्यांनी फर्मान काढले की लॅब झाडूनपुसून लख्ख करा आणि जे जे बिघडले असेल ते दुरुस्त करा. चौकशीच्या दिवशी मॅडम पाहुण्याला घ्यायला फाटकाशी गेल्या आणि इकडे वायरमनकाका हातात पेटी घेऊन लॅबमध्ये शिरले. या वेळी त्यांना कुठल्याच खोलीतून हाका नव्हत्या. निवांतपणे त्यांनी मला आडवे केले, झाकण उघडले आणि आत डोकावून जीभ चावली.

“अरेच्चा! हे कुणी गाढवाने जोडलंय?”

ते गाढव कोण, हे मला बोलता येत असते तर मी सांगितले असते. काकांनी तारा सरळ केल्या. शून्याच्या बटणाखालची स्प्रिंग बदलली. एक दाबले, मी हळू फिरलो. तीन दाबले, मी सुसाट सुटलो. शून्य दाबले आणि मी कुणाच्या चापटीवाचून थांबलो.

“आता कसा शहाण्यासारखा चालतोस!” असे म्हणून काका निघून गेले.

मित्रांनो, आयुष्यभर मी ज्या दुरुस्तीची वाट पाहिली ती नेमकी त्या सकाळी झाली. एवढ्या वर्षांत काका एक दिवस उशिरा आले असते तर कुणाचे काय बिघडले असते? मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण पंख्याला घसा नसतो.

तपासनीस आले. उंच, वाळके आणि माझ्याइतकेच दमलेले दिसत होते. त्यांच्या काखेत पेपरांचा गठ्ठा होता. मागून मॅडम आणि प्राचार्य आले, आणि वर्गातली पोरे भिंतीला टेकून उभी राहिली. मावशी दारापाशी होती. तिने रुग्णालयातून त्या दिवसाची सुट्टी काढली होती.

“हाच का तो पंखा?” तपासनिसांनी विचारले.

“हाच,” मॅडम म्हणाल्या. आज त्यांचा आवाज खणखणीत होता. “तुम्हीच दाबा, सर. मी हात लावत नाही.”

तपासनिसांनी पेपरांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला आणि एक नंबर दाबले. मी हळूहळू फिरू लागलो. दुसरे काय करणार होतो? बटणाचा शब्द मला मोडता येत नाही.

मग त्यांनी तीन दाबले. गठ्ठ्यातले वरचे कागद उडाले आणि थेट प्राचार्यांच्या पायाशी जाऊन पडले. मॅडमचा चेहरा पांढराफटक झाला. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू घरच्याच माणसाने भर बाजारात ओळख दाखवली नाही.

“हं,” तपासनीस म्हणाले. त्यांना आनंद झालेला नव्हता. असे शेवट त्यांनी पुष्कळ पाहिले असावेत. त्यांनी शून्य दाबले. मी थांबू लागलो.

आणि तेवढ्यात मॅडमचा हात वर गेला. त्यांच्या मनात काहीच नव्हते, त्या तर सुन्न झाल्या होत्या. पण हाताला कोण सांगणार? तो सवयीने पुढे आला आणि त्याने माझ्या डोक्यावर हळूच एक चापटी मारली. भिंतीला टेकलेल्या दोन पोरांचेही हात अर्ध्यावर येऊन थांबले होते.

तपासनिसांनी चष्मा वर केला. “हे काय केलंत?”

“काय केलं?” मॅडमनी आपल्याच हाताकडे पाहिले.

मावशी दारातून पुढे आली.

“सर, त्यांनी चापटी मारली. आम्ही पेपरात लिहिलीय तीच. हे बघा, इथला रंग. बाकी सगळा पंखा हिरवा आणि इथेच पत्रा उघडा. एका दिवसात असा रंग जातो का? पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी मारून मारून गेलाय हा.”

“पण पंखा तर आपोआप थांबला.”

“तेच तर मला कळत नाही, सर. काल-परवापर्यंत थांबत नव्हता. वायरमनकाकांना विचारा ना जरा!”

काकांना बोलावले. ते हात पुसत आले आणि आल्या आल्या छाती फुगवून म्हणाले, “केला की सकाळी दुरुस्त! तारा सगळ्या उलट्या होत्या. कुणी जोडल्या होत्या देव जाणे.”

पोरे फिदीफिदी हसली. मॅडमनी डोळे मिटून घेतले. तपासनीस मात्र हसले नाहीत. त्यांनी गठ्ठ्यातून एक पेपर काढला. त्यात माझी आकृती होती आणि वर एक हात होता.

“हा कुणाचा?”

“माझा,” मावशी म्हणाली.

“ठीक आहे. पंखा उलटा होता, मी मानलं. म्हणजे तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?”

इथे ‘हो’ म्हटले असते तर कदाचित सगळे तिथेच मिटले असते. मॅडमही तिला डोळ्यांनी ‘हो म्हण’ असेच सांगत होत्या. मावशीने माझ्याकडे पाहिले. वेण्यांच्या दिवसांत पाहायची तसे, टक लावून.

“नाही, सर. चूक आहे.”

“काय चूक आहे?”

“एक नंबर जोरात, हे या पंख्याचं झालं. सगळ्या पंख्यांचं नाही. नकाशात तसं नव्हतंच. मी तर याला सरळ असतानाही बघितलंय, मला तरी कळायला हवं होतं. आमच्या या एकट्या म्हाताऱ्याची खोड आम्ही सगळ्या पंख्यांच्या माथी मारली. ऑब्जेक्टमध्ये बिघाड होता, तो आम्ही क्लासचा गुण म्हणून लिहिला.” तिने पेपरातल्या आकृतीवर बोट ठेवले. “शितावरून भाताची परीक्षा केली, सर, पण आमचं शीतच कच्चं निघालं. त्याचे मार्क खुशाल कापा. पण कॉपी म्हणू नका. कॉपी नाही केली आम्ही.”

मी शपथेवर सांगतो, एवढ्या वर्षांत माझ्यासमोर तो धडा इतका नीट कुणी म्हटला नव्हता.

तपासनीस तिचा पेपर परत गठ्ठ्यात ठेवायला वाकले. मग म्हणाले, “कॉपी केलेल्याला आपली चूक कुठे झाली ते सांगता येत नसतं.” त्यांनी उडालेले कागद गोळा केले, पोरांना बाहेर थांबवून एकेक करून आत बोलावले, थोडे थोडे विचारले आणि संध्याकाळच्या आत ते निघून गेले. जाताना त्यांनी माझे दोन नंबरचे बटण दाबून मिनिटभर वारा घेतला. चांगला माणूस होता.

निकाल लागला. त्या प्रश्नाचे मार्क सगळ्यांचे कापले गेले. मावशी काठावर पास झाली. काठावर म्हणजे अगदी काठावर, पाय घसरला असता तर पाण्यात. पण पास ती पास.

पेढे नाहीत, हार नाहीत. एका दुपारी ती लॅबमध्ये आली ती काखेत एक खोके घेऊनच. मॅडम फळा पुसत होत्या. आत नवा वर्ग बसला होता. वायरमनकाका दिवा बदलायला शिडीवर चढलेले होते, त्यांनी वरूनच विचारले, “मॅडम, परत उलटा करून देऊ का तो पंखा? तुमचं शिकवणं अडलं असेल.”

“नको हो. राहू दे आता सरळ,” मॅडम म्हणाल्या. “चूक त्याची नव्हती. मीच इतकी वर्षं एकच पंखा दाखवत बसले.”

“म्हणूनच हा आणलाय,” मावशी म्हणाली आणि तिने खोके उघडले. आत एक छोटा निळा पंखा होता. प्लास्टिकचा, गोबरा, बटणांऐवजी एकच गोल खुंटी असलेला. “लेकीच्या टेबलावरचा आहे. तिनेच दिला. म्हणाली, आई, तुमच्या म्हाताऱ्याला जोडीदार दे. आता दोन दाखवा, मॅडम. म्हणजे यापुढे एकाची खोड दुसऱ्याला चिकटणार नाही.”

मॅडमनी फळा पुसायचे फडके खाली ठेवले. त्यांनी मावशीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला. मग त्यांनी निळ्याला माझ्या शेजारी ठेवले, माझे शून्य दाबले आणि त्याची खुंटी फिरवली.

“आज म्हातारा बसेल. आज हा फिरेल,” त्या पोरांना म्हणाल्या.

निळा फिरू लागला. नवा होता, उत्साही होता, मान भराभरा वळवत होता. एकदा पोरांकडे, एकदा मॅडमकडे, आणि मग पार टोकाला वळून माझ्याकडे. मित्रांनो, त्या वेळी माझ्या जाळीवर वारा आला. माझी धूळ उडाली, माझी थांबलेली पाती आपोआप जराशी हलली. मी आयुष्यभर वारा घातला. घेतला कधीच नव्हता. तो इतका गार असतो हे मला माहीतच नव्हते.

आता माझे मागणे फार नाही. मला महिन्यातून एकदा पुसा आणि मानेत दोन थेंब तेल घाला. माझ्यासारखा एखादा खोडकर म्हातारा भेटला तर त्याच्यावरून त्याच्या सगळ्या जातीचा निवाडा करू नका. आणि तुमच्या घरात, वर्गात, कुठल्याशा खिडकीमागे एखादे माणूस कधीपासून सगळ्यांना वारा घालत बसलेले असेल. ते दमले आहे का, असे त्याला विचारू नका. ते नाही म्हणेल. तुम्ही नुसती आपली मान त्याच्याकडे वळवा.